मेणकापड

चिमी म्हणजे ओंजळीत मावेल एवढं पॉमेरेनियनचं पिल्लू. दर दोन तासांनी मी तिला बाल्कनीत पसरलेल्या वर्तमानपत्रावर उभं करते. ती कागद हुंगते, आत येते, सतरंजीवर शू करते आणि पडद्यामागे लपते. जागा शिकवावी लागते. लाज मात्र तिची तिलाच येते.

"रागावू नका," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "एवढ्याशा जिवाला धरवत नाही."

म्हणून मी रागावत नाही. आज सतरंजीवर घालायला माळ्यावरून मेणकापड काढलं. आईच्या अंथरुणातलं. शेवटच्या वर्षी तिलाही धरवत नसे. सकाळी मी खोलीत गेले की ती ओल्या जागेवर गोधडी ओढून वर बसून राहायची. "चहा इथेच दे गं," म्हणायची. मी गोधडी खेचायचे. "आई, सांगता येत नाही का?" शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मेणकापड अंथरेपर्यंत चिमीनं फरशीवर केलंच. पडद्यामागून उचललं, तर थरथरत होती.

"असू दे गं बाळा, होतं असं," मी म्हणाले आणि तशीच उभी राहिले.

एवढं साधं वाक्य. मला तेव्हाही येत होतं.