पाय भिजवून परतणारे पाहुणे

एइसाकु मोनमाची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या दोन गाड्या सांगायला हव्यात. त्या दोघींचं आपसात पटत नाही आणि दोन्ही हाकतो हाच. सकाळी टँकर. युनामोरीच्या झऱ्याचं कढत पाणी भरायचं, घाट उतरायचा आणि तातेओका स्टेशनाच्या दारातल्या पायकुंडात ते रितं करायचं. दुपारी बस. त्याच दारातून माणसं भरायची, तोच घाट चढायचा आणि ती युनामोरीत उतरवायची. हिशेब सरळ होता. पण गेली दोन वर्षं पाणी तेवढं भरभरून खाली जात होतं आणि बस वर यायची ती घुंगरू तुटलेल्या बैलासारखी, मुकी आणि रिकामी.

तातेओका हे गाव उतरण्यापुरतंच वसलेलं. बुलेट ट्रेन थांबते, तिथून तीन दिशांना लहान गाड्या फुटतात, समोरच्या चौकात बसचे थांबे. आसपासच्या डोंगरांत जेवढी म्हणून गरम झऱ्यांची गावं आहेत त्या सगळ्यांची वाट इथूनच. तातेओकाला जातो असं कुणी म्हणत नाही, तातेओकावरून जातो असंच म्हणतात. याचं तातेओकाकरांना फार लागायचं. मग नगरपालिकेतल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की प्रवाशाला घटकाभर अडकवायचं असेल तर आधी त्याचे बूट काढायला लावावेत. स्टेशनाच्या दारात लाकडी छपराखाली लांबट कुंड बांधलं, दोन्ही बाजूंना बाक टाकले, वर पाटी लावली: ‘युनामोरीचं अस्सल पाणी, इथेच.’

त्या ‘इथेच’ने घात केला. युनामोरीच्या लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. फुकटची जाहिरात होईल म्हणाले. झालं असं की प्रवासी आले, पाय बुडवून बसले, फोटो काढले, शेजारच्या दुकानातले पुरण भरलेले मांजू खाल्ले, “वा, युनामोरीचं पाणी म्हणजे काय!” असं म्हणाले, पाय पुसले आणि पुढच्या बुलेट ट्रेनने घरी गेले. डोंगर चढण्याची गरजच कुणाला उरली नाही.

एइसाकुची थोरली बहीण फुयुए वर युनामोरीत हागीया नावाची सराय चालवायची. आईची, त्याआधी आजीची. तिथे जायला दुपारची बस सोडली तर दुसरं वाहन नाही. संध्याकाळी बस उभी करून एइसाकु तिच्या स्वयंपाकघरात चहाला टेकला, की उलटतपासणी ठरलेली.

“आज किती?”

“दोघं.”

“अरे वा.”

“त्यातला एक हिवातारी.”

फुयुएने किटली जरा जोरातच ठेवली. हिवातारी हा नगरपालिकेचा तरुण कारकून. एप्रिलपासून दुपारची बस बंद करायची की ठेवायची हे ठरवायला मार्चच्या या आठवड्यात तो रोज तातेओकाला बसमध्ये चढायचा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर गुडघे जुळवून बसायचा आणि प्रवासी मोजायचा. मोजायला फारसं काही नसल्याने खिडकीतून वितळणारा बर्फ बघायचा.

“तो स्वतःला तरी धरतो का मोजणीत?”

“विचारलं मी. नाही धरत म्हणे.”

“प्रामाणिकपणाला काही धरबंद?” फुयुए म्हणाली. “आणि तुझा तो टँकर. एवढा घाट आहे, एवढा बर्फ आहे, एखादं चाक कसं पंक्चर होत नाही रे तुझं?”

“ताई, सरकारी टँकर आहे तो.”

“आणि सराय काय रस्त्यावर पडलीये? आईने झऱ्याला हात जोडून दिवस काढले, आणि तू तोच झरा गाडीत घालून नेऊन देतोस. घरपोच! वर मला विचारतोस पाहुणे का नाहीत.”

एइसाकुने विचारलं नव्हतं. पण थोरल्या बहिणीसमोर असले बारकावे काढायचे नसतात. तो चहा प्यायला आणि मुळ्याच्या लोणच्याचे दोन तुकडे तोंडात टाकून निघाला. घरी जाईपर्यंत डोक्यात एकच घुमत होतं: आपण सकाळी जे खाली वाहून नेतो तेच दुपारी आपली बस खातं. टँकर नाकारावा तर पगार अर्धा. बस गेली तर बहीण गेली. आपल्याच उजव्या हाताने डाव्या हाताच्या कानाखाली वाजवत राहायचं, असला हा उद्योग.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, त्याने थोडी लबाडी केली. झऱ्याचं पाणी इतकं कढत असतं की कुंडात सोडताना सोबत गार पाण्याचा नळ अर्धा उघडावा लागतो. त्या दिवशी त्याने टँकर मुद्दाम उशिरा, बसच्या तोंडावर आणला आणि नळ पावच उघडला. भाजेल असं नाही. पण माणसाला लवकर बूट आठवावेत, आणि बूट घातल्यावर समोर उभी असलेली बस दिसावी, इतपत. हे योग्य नाही हे त्याला कळत होतं. तो ते मनातल्या मनात दुरुस्तही करून घेत होता. पाणी अस्सल आहे अशी पाटी आहे ना? मग आज असू दे अस्सल.

दुपारी त्याने बस चार नंबरच्या थांब्यावर लावली. बुलेट ट्रेन आली. दारातून माणसं आली, बॅगा ओढत, आणि सवयीने कुंडाकडे वळली. दोन्ही बाक भरले. एइसाकु स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघू लागला. आता उठतील. आता उठतीलच.

कुणीही उठेना.

लांबून दिसत होतं, गुडघ्याखाली सगळ्यांचे पाय उकडलेल्या खेकड्यांसारखे लाल झालेत. चेहऱ्यांवर मात्र देवळात बसल्यासारखी शांती. मागे हिवातारीने घड्याळ बघितलं, मग एइसाकुच्या मानेकडे बघितलं, मग सभ्यपणे पुन्हा घड्याळ. शेवटी एइसाकु खाली उतरला आणि कुंडापाशी गेला.

सेंदाईहून आलेल्या एका बाईंनी नुकताच गार पाण्याच्या नळाकडे हात नेला होता. पण विचारल्याशिवाय सामायिक पाण्यात गार पाणी सोडायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यांनी मान लववून विचारलं, “माफ करा हं, कुणाची हरकत नसेल तर थोडं गार सोडलं तर चालेल का?”

“छे छे, आमची कसली हरकत!” समोरचे गृहस्थ दात आवळून म्हणाले. “आम्हाला अगदी छान लागतंय. पण तुम्हाला हवं असेल तर जरूर सोडा.”

“हो ना, छानच आहे,” त्यांची बायको म्हणाली. “तुमच्यासाठी सोडा की.”

सगळ्यांना छान लागतंय म्हटल्यावर एकटीसाठी कोण सोडणार? बाईंचा हात परत आला. “नाही नाही,” त्या म्हणाल्या, “मी आपलं तुमच्यासाठीच विचारलं.”

बाकाच्या टोकाला ओयामादा आजोबा बसले होते. तातेओकाचे निवृत्त स्टेशनमास्तर, कुंडाचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “हे खरं पाणी! दोन वर्षं आम्हाला कोमट पेज पाजत होते. युनामोरीची पोरं यात मानेपर्यंत बसतात, माहीत आहे? आपण तर नुसते पाय घातलेत.”

झालं. आता जो पहिला उठेल तो सेंदाईच्या बाईंना खोटं पाडणार, गृहस्थांना खोटं पाडणार, आणि एका म्हाताऱ्या माणसापुढे कच्चा ठरणार. उठणार कोण? आजोबांच्या स्वतःच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, पण त्यांना तर आता मेल्याशिवाय उठता येणार नव्हतं. एइसाकुला वाटलं, ओरडावं. अरे माणसांनो, उठा. कोण कुणाला बघतंय? पण असं ओरडतात का कुठे?

चौकातल्या भोंग्यावर बस सुटण्याची सूचना झाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एइसाकुची बस कधी मिनिटभर उशिरा सुटली नव्हती. त्याने बसकडे बघितलं. काचेमागे हिवातारी अर्धवट उठून उभा होता.

मग एइसाकुने बूट काढले, मोजे काढले, गणवेशाची पँट वर दुमडली, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून आजोबांच्या शेजारी दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि बोंब ठोकली.

“आई आई गं! मेलो! भाजलो!”

सगळे थक्क.

“मी युनामोरीचा,” पाय वर घेऊन चोळत तो म्हणाला. “जन्म तिथला. बाप, आजा, सगळे तिथलेच. पण मला हे सोसत नाही बुवा. तुम्ही माणसं आहात की कोण आहात?”

मग सगळे पाय एकदम बाहेर आले, एवढ्या वेगाने की निम्मं पाणी फरशीवर. “बाई गं!” सेंदाईच्या बाई म्हणाल्या, “मला वाटलं मलाच भाजतंय!” गृहस्थ हसता हसता बायकोला म्हणाले, “तू छान आहे म्हणालीस ना?” ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात म्हणून!” आजोबा खाली मान घालून तळव्यांवर फुंकर घालत होते. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. तेवढं भान सगळ्यांनाच होतं.

“बस तिथे उभी आहे,” एइसाकुने हात केला. “वर माझ्या बहिणीकडे असाच झरा आहे, पण तिथे नळ पूर्ण उघडतो. मी स्वतः उघडून देईन.”

हसू अजून ओसरलं नव्हतं, आणि सोबत भाजलेली माणसं लवकर जवळ येतात. घरी परतणार म्हणून बसलेल्यांपैकीही कितीतरी उठले. मोजे हातात, बूट काखेत, चक्क अनवाणी माणसांनी बस भरली. एकदोघांना उभं राहावं लागलं. एइसाकुने आरशात बघितलं आणि त्याला एकदम आपली दोन वर्षांपूर्वीची बस दिसली. ती सुटली तेव्हा बराच उशीर झाला होता, पण त्याला त्याची पर्वा नव्हती.

पहिल्या वळणावर हिवातारी पुढे वाकला. “मोनमासान,” तो अदबीने म्हणाला, “एक अडचण आहे.”

“बोला.”

“मोजणी वेळेवर सुटलेल्या फेऱ्यांचीच धरायची, असा आदेश आहे. उशिरा सुटलेली फेरी अपवाद म्हणून बाजूला काढतात.”

एइसाकुने गिअर बदलला. “म्हणजे ही माणसं?”

“माणसं आहेतच,” हिवातारी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “फेरी नाही.” आणि तो बसल्या जागी खोल मान लववून राहिला. एइसाकुचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अडकलेले, नाहीतर त्याने त्या मानेचं काय केलं असतं कोण जाणे. पाव नळ उघडा ठेवण्याची अक्कल त्याची स्वतःचीच. ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

वर पोचल्यावर फुयुएने पाहुणे बघितले, दाराशी गुडघे टेकून हसतमुखाने स्वागत केलं, आणि भावाला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

“अरे गाढवा, कळवायचं तरी! मासे नाहीत, ताजी भाजी नाही. यांना जेवायला काय घालू, तुझी टोपी?”

“परत पाठवू का?”

“परत पाठवतो! तोंड बघ. जा, अळकुड्या सोल.”

त्या संध्याकाळी सगळ्यांनी अळकुड्यांचा रस्सा आणि भात खाल्ला आणि फुयुएच्या हातचं कौतुक केलं. सकाळच्या बसने सगळे खाली गेले. ती बस होतीच, ती बंद होणार नव्हती. माणसांना डोंगरावरून नेण्याची सोय नगरपालिकेने राखली होती, आणण्याची तेवढी काढली.

कारण दुपारची बस बंद झाली. मार्च संपता संपता कागद आला. सोबत दुसरा निरोप: पायकुंडाला प्रवाशांचा अभूतपूर्व प्रतिसाद असल्याने स्टेशनाच्या मागच्या दारीही एक कुंड बांधण्यात येत आहे, तरी मोनमासान यांनी दुपारीही टँकरची एक फेरी करावी. एइसाकुने तो दोनदा वाचला. अभूतपूर्व प्रतिसाद! मग तो सगळ्यांसारखाच “ठीक आहे” म्हणाला.

आता तो दुपारी टँकर घेऊन उतरतो. मागच्या दारी पाणी सोडतो, गार पाण्याचा नळ नीट अर्धा उघडतो, टोपी काढून बाकावरच्या लोकांना सांगतो की मी रिकामाच वर चाललोय, शेजारी दोघांची जागा आहे, बहिणीची सराय आहे, जेवण चांगलं मिळेल. टँकरमध्ये माणसं बसवायची परवानगी नाही. हे हिवातारीने एकदा पाहिलं आणि तो पाण्याचं तापमान फार बारकाईने तपासायला लागला. लोक आदराने ऐकतात, “अय्या, टँकरमधून!” म्हणतात, “पुढच्या वेळी नक्की हं,” म्हणतात आणि पाय पुसतात. पण कधीमधी कुणी दोघं निघतातच.

रिकामा टँकर घाटात भयंकर वाजतो. शेजारच्यांना ओरडून बोलावं लागतं, वळणावर एकमेकांच्या मांडीवर यावं लागतं. मोगामीहून आलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी पहिल्या वळणापासून त्याला फैलावर घेत होत्या.

“अहो ड्रायव्हर, बस नाही का तुमच्या गावाला? एवढं मोठं स्टेशन खाली, आणि बस नाही?”

“नाही, आजी.”

“का नाही?”

“माणसं येत नाहीत म्हणून.”

“मग आम्ही कोण आहोत?” थोरली कडाडली.

मागे टाकी दणाणली, आणि एइसाकुने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.