उल्कापाताचं पुस्तक आणि अभिप्राय मागणाऱ्या आमच्या बाई

इंदुमतीबाई खरात यांची आणि माझी ओळख एका जळालेल्या मोटारीमुळे झाली. वाटूर फाट्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणतात. मी आतली जुनी तार काढतो आणि नवी तांब्याची तार भरतो. बाई तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत असत. शाळेच्या हौदावरची मोटार जळाली, तर शिपायाला न पाठवता त्या स्वतः टेम्पोत बसून ती घेऊन आल्या.

काम होईपर्यंत बाई बाकावर बसल्या. नटबोल्टच्या डब्याखाली मी वर्तमानपत्राचा एक कपटा जपून ठेवला होता. त्यात शनीच्या कड्यांविषयी लिहिलेलं होतं. हा कशाला ठेवलाय, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, कडी कशाची बनलीत ते पुढच्या पानावर होतं, अन् पुढचं पान हॉटेलात भज्याखाली गेलं. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटार न्यायला आल्या तेव्हा ग्रहांवरचं एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "किसनभाऊ, वाचून झालं की काय वाटलं ते लिहून आणायचं. छान, उत्तम, वाचनीय हे शब्द मला चालत न्हाईत."

मी चौथी शिकलेला माणूस. तीन ओळी लिहायला मला पुस्तकापेक्षा जास्त दिवस लागले.

निवृत्तीनंतर बाईंनी घराची पुढची खोली वाचकांसाठी उघडली. कपाटातली बहुतेक पुस्तकं आकाशाची, कारण आयुष्यभर त्यांनी तीच जमवलेली. टेबलावर एक जाडजूड वही. पुस्तक परत करताना तिच्यात अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. दर रविवारी सकाळी बाई आठवड्याचे अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवत. फाट्यावरच्या चहावाल्यानं लिहिलं होतं, अंतरं इतकी मोठी दिली आहेत की शून्यं मोजता मोजता माझा चहा उतू गेला. एका शेतकरीदादांनी शुक्रावरच्या आम्लाच्या ढगांबद्दल वाचून लिहिलं, असल्या ढगांपेक्षा आमचे कोरडे बरे. बाई हे असं वाचत, जणू बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाचा निबंधच वाचतायत.

ही खोड त्यांना वडिलांकडून लागली, असं त्या सांगतात. वडील दिवसभर मजुरीला जात आणि संध्याकाळी विहारात बसून चार लोकांना वाचून दाखवत. पान संपलं की विचारत, पटलं का? आणि जो नाही म्हणेल त्याला पुढे बसवत. बाईंनी ते बोट अजून सोडलेलं नाही.

त्यांच्या मायेचं एक उदाहरण सांगतो. शाहीनभाभी गावात ब्लाउज शिवतात. त्यांना शिकायची, वाचायची हौस, पण कामातून खोलीवर यायला सवड मिळेना. मंग बाईच शिवायचं कापड घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागल्या आणि त्याच पिशवीतून पुस्तक. बाईंकडे आज जेवढे ब्लाउज आहेत तेवढी नेसायला त्यांच्याजवळ लुगडी नसतील.

आता खरी गोष्ट सांगतो. ती माझ्या लाजेची आहे, पण ती सांगितल्याशिवाय बाई किती मोठ्या आहेत हे कळणार नाही.

जालन्याहून बाईंनी जुन्या बाजारातलं एक पुस्तक आणलं. पृथ्वीवर लघुग्रह आदळले तेव्हा काय झालं, पुढे आदळतील का, असा विषय. वहीत पहिला अभिप्राय बाईंनीच लिहिला: "शेवटचं प्रकरण दोनदा वाचावं." पुस्तकावर उड्या पडल्या. चहावाल्यानं लिहिलं, शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं, झोप उडाली. ग्रामपंचायतीतल्या कारकुनानं लिहिलं, बाईंचं म्हणणं बराबर आहे, शेवट विचार करायला लावतो. मी तर सगळ्यांवर कडी केली. लिहिलं, "मी तीनदा वाचलं."

खरं म्हणजे मी साठाव्या पानावर अडकलो होतो. पुढचं डोक्यात शिरेना. पण एवढे शिकलेले लोक शेवटापर्यंत पोचले आणि मी मधेच बसलो, हे लिहायची छाती झाली नाही. मोटारी भरणाऱ्यानं मोटारीच भराव्यात, असं कुणी म्हणेल, ही भीती.

त्या रविवारी बाईंनी वही उघडली आणि शाहीनभाभींचा अभिप्राय वाचला. "शेवटचं प्रकरण मला सापडलं न्हाई. एकशे बारा पानानंतर सरळ पुठ्ठाच आहे. दोन वेळा शोधलं. कुणाला सापडलं असेल तर मला दाखवा."

चहावाला छताकडे बघायला लागला. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. शेवटची पानं कधीच निसटून गेली होती. आता आपलं नाव निघणार, मंग उद्यापासून या खोलीची पायरी चढायची नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

बाईंनी वहीचं पान मागे उलटलं आणि पहिला, स्वतःचा अभिप्राय मोठ्यानं वाचला. मंग म्हणाल्या, "हे पुस्तक मी शिक्षिका व्हायच्या आधी वाचलं होतं. ही प्रत मी उघडलीसुद्धा न्हाई, नुसत्या आठवणीवर लिहिलं. पहिलं खोटं माझं आहे. बाकीच्यांना मीच त्या वाटेला लावलं."

त्यांनी दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं नाही. आपल्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं, "न उघडता लिहिले", आणि सही केली. शाहीनभाभींना उठून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

बाईंसारखी बाई एवढ्या लोकांत हे बोलते, मंग मी कोण लागून गेलो? मी उठलो. म्हणालो, "मी तीनदा वाचलं म्हणून लिहिलं, पण एकदाबी पुरं वाचलं न्हाई. साठाव्या पानावर अडकलो."

कारकून म्हणाला, "चला, आमच्यापेक्षा वीस पानं पुढं आहात." सगळे हसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाई मात्र हसल्या नाहीत. कशावर अडकलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एवढा मोठा दगड पडून एवढा मोठा खड्डा झाला म्हणतात, मंग तो दगड खड्ड्यात दिसायला पाहिजे का न्हाई? गेला कुठं? बाईंनी वही माझ्याकडे सरकवली. "हा अभिप्राय आहे, किसनभाऊ. लिहा. अन् दगड शोधायला पुढच्या रविवारी लोणारला जाऊ."

गेलो की! काळी-पिवळी जीप केली, डबे बांधले आणि मंठ्यावरून लोणार. वाटेत माझी नुसती घाई. काठावर उभं राहून ते अवाढव्य गोल विवर पाहिलं. बाई गुडघेदुखी विसरून झाडीतून खाली तळ्यापर्यंत उतरल्या. पाण्याला उग्र वास. शाहीनभाभी म्हणाल्या, "किसनभाऊ, दगड दिसला की आवाज द्या, मी पिशवी आणलीये." मी काळे खडक बघत बघत फिरत होतो आणि एकदम माझं दुकान डोळ्यांपुढे आलं. मोटारीत मोठा शॉर्ट झाला की त्या जागची तार नुसती वितळत नाही, उडून जाते. उघडून बघावं तर तांबं नाही, फक्त खड्डा अन् काळा डाग. तार गेली कुठं म्हणून कुणी विचारत नाही, कारण आम्हाला ठाऊक असतं, तिची वाफ झाली.

मी धापा टाकत बाईंजवळ गेलो. "बाई, दगड सापडत न्हाई कारण त्याची वाफ झाली असंल. बराबर आहे का?"

बाई म्हणाल्या, "मला आत्ता हो म्हणायचं न्हाई. पुस्तकाला विचारू."

त्यासाठी त्यांनी काय केलं ते ऐका. जालन्यातल्या एका ग्रंथालयात त्या पुस्तकाची धड प्रत निघाली. ती घरी नेता येत नव्हती. बाई वाटूरहून एसटीनं जाऊन तिथं बसून शेवटचं प्रकरण हातानं उतरवून आणू लागल्या. अशा पाच खेपा झाल्या, तेही मोतीबिंदू वाढलेल्या डोळ्यांनी. ती पानं त्यांनी सुईदोऱ्यानं आमच्या प्रतीत शिवली आणि सगळ्यांत आधी माझ्या हातात दिली. दुसऱ्याच पानावर होतं, आदळण्याच्या उष्णतेनं दगडाची बहुतेक वाफ होते. मी दुकानातून ओरडत बाहेर आलो. गिऱ्हाइकाला वाटलं, मला शॉकच बसला.

ते प्रकरण मी खरंच तीनदा वाचलं आहे.

आता सध्याचं सांगतो आणि थांबतो. मंगळावर माणसानं वस्ती करावी की नाही, यावरचं एक पुस्तक आमच्यात फिरून राह्यलंय. बाईंनी वहीत लिहिलं, माणसानं अवश्य जावं. मी त्याच्या खाली पहिल्यांदाच लिहिलं, बाईंचं म्हणणं मला पटलं न्हाई, इथं बोअरला पाणी टिकवता येईना अन् तिथं नेऊन काय करणार. खाडाखोडही केली नाही. रविवारी बाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्यानं. मंग म्हणाल्या, उत्तर देते, पण त्यासाठी मला पुस्तक पहिल्यापासून परत वाचावं लागेल.

तर बाई, सावकाश वाचा. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, गुडघ्याला तेल लावा, दुपारची झोप चुकवू नका. तुमचं उत्तर आलं की मी ते खोडणार, मंग तुम्ही माझं खोडणार. त्यानंतर गुरू आहे, शनी आहे, आणि इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह तर अजून कपाटातून काढलेच नाहीत. एवढ्या सगळ्यावर आपलं भांडण व्हायचं बाकी आहे. ते पुरं होईल इतकं आयुष्य आणि इतकी तब्येत तुम्हाला लाभो.