मधल्या सुट्टीतला धडा

नवं पुस्तक हाती आलं की बाई ते पहिल्या पानापासून वाचत नसत. अनुक्रमणिका उघडत, शेजारी मागच्या वर्षीचं पुस्तक ठेवत आणि दोन्हींवरून एकेक बोट सावकाश खाली नेत. "काय आलं ते मंग पाहू सर, काय गेलं ते आधी पाहू," म्हणत. एक बोट मध्येच थांबलं की समजायचं, एखादा धडा गेला.

आमची शाळा अकोल्याच्या जुन्या शहरात. मी मराठी शिकवतो. बाई इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. घरची फुलांची शेती, त्यामुळे त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी शेवंती असायची. दुपारी पंखा फिरू लागला की शिक्षकांच्या खोलीत तो वास हळूहळू पसरायचा आणि उत्तरपत्रिका तपासता तपासता आपण कुठल्या तरी मळ्यात बसलो आहोत असं वाटायचं. अशा एखाद्या बाई तुमच्याही शाळेत असतील, आठवून पाहा.

त्या वर्षी केंद्राच्या नव्या आराखड्यावर बेतलेलं नववीचं पुस्तक आलं. बाईंचं बोट थांबलं. सरकारचा निर्णय पटला नाही तर नागरिकाने काय करायचं, हा धडा गेला होता. मुलांचं ओझं कमी केल्याचं परिपत्रकात लिहिलं होतं.

मी तावातावाने म्हणालो, आमच्या मुलांनी काय शिकायचं ते दिल्लीने का ठरवावं? बाईंना ते सगळं पटलं नाही. त्यांचा भाऊ फौजेत. त्याच्या बदल्यांपायी भाचीने पाच गावांत पाच शाळा केल्या, आणि सगळीकडे पुस्तक एकच होतं म्हणून ती पोर कुठे मागे पडली नाही. "देशाचं एक पुस्तक असाव सर," त्या म्हणाल्या. "पण ते बनवतानी आमाले बी इचाराव."

पुढे अमरावतीला प्रशिक्षण झालं. दिल्लीहून एक तज्ज्ञ आले होते, मृदू बोलणारे गृहस्थ. बाई उभ्या राहिल्या आणि आपल्या वऱ्हाडी हिंदीत विचारलं, की हा धडा काढताना वर्गात शिकवणाऱ्या कोणाला विचारलं होतं का? सभागृह त्यांच्या हिंदीला हसलं. तज्ज्ञ हसले नाहीत. सूचना संकेतस्थळावर नोंदवा, इतकंच म्हणाले.

परतताना बसच्या खिडकीबाहेर कपाशीची पांढरी शेतं संथ मागे जात होती. मूर्तिजापूर आलं तशी बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "धडा गेला ते एक. पण तो गेला हे कोणाले मालूमच नाही, त्याचं वाईट वाटून राह्यलं."

त्यांनी सूचना नोंदवली. 'आपली सूचना प्राप्त झाली' असं उत्तर आलं. पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत मात्र बाईंचं नाव नव्हतं. बारा वर्षं असायचं.

मग एके सकाळी त्यांनी नववीत मतदान घेतलं. हा धडा परीक्षेला नाही, तरी शिकायचा का? चिठ्ठ्या मोजायला मला बोलावलं. शिकू नये, पस्तीस. शिकावा, सात. वर्ग खूश झाला. मी हळूच विचारलं, आता हो?

"आता काय. मत मांगितलं तं ऐका लागते," बाई म्हणाल्या आणि पुढचा धडा काढला. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं.

मधल्या सुट्टीत चष्म्याची एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. मागे सहाजणी. "बाई, आमी हारलो," ती म्हणाली. "पण आमाले शिकाचं आहे. सुट्टीत शिकवान का?"

बाईंनी अर्धा खाल्लेला डबा बंद केला आणि उठल्या.

तो हिवाळाभर पाण्याच्या टाकीमागे कडुलिंबाखाली तो वर्ग भरला. कधी पाचजणी, कधी नऊ. ऊन पानांतून झिरपून त्यांच्या अंगावर हलत राहायचं. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, सुट्टी पोरींची आहे, त्यांनी कुठं घालवायची ते त्या ठरवतील. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिपायाच्या हाती एक सतरंजी पाठवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई गेल्या. दुपारी फुलांचे हार करता करता कलंडल्या, एवढंच त्यांच्या घरचे सांगतात.

शाळा उघडली. दुसऱ्याच दिवशी चष्म्याची मुलगी माझ्याकडे आली. आता ती दहावीत होती. "सर, आमी लिंबाखाली बसू का?"

बसा म्हणालो. पण मला नागरिकशास्त्र येत नाही, हेही सांगितलं.

"नसन येत तं चालते. तुमी या फक्त. नववीच्या पोरी येऊन राहिल्या, त्यायले मी शिकवतो."

मी गेलो. सतरंजीच्या कडेला बसलो. लिंबोळ्या टपटप पडत होत्या, वाऱ्याने वह्यांची पानं आपोआप उलटत होती. मुलीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबली.

"सर, तुमच्यापासून सुरू करू. सरकारचं कोणतं म्हणणं तुमाले पटलं नाही, आन् मंग तुमी काय केलं?"

तीस वर्षं शिकवतो आहे. हे मला कोणी विचारलं नव्हतं. बाईंसमोर तावातावाने बोललो होतो, तेवढंच आठवलं; तेच पोरींना सांगायला लागलो.