सगळ्यांची होडी एकाच जागी थांबते

मंडळी, दहावीचे मराठीचे पेपर तपासायला घर सोडून पनवेलला आलेय. आत्ता सायबर कॅफेत बसून हे लिहितेय.

आज एका गठ्ठ्यात सगळ्यांचा सहलीचा निबंध सारखाच. होडी निघते, सुमन गाणं म्हणते आणि निबंध तिथेच संपतो.

सरळसरळ कॉपी! मी तणतणत मॉडरेटरबाईंकडे गेले. निबंधातलं गाव त्यांचं माहेर निघालं. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, ती होडी उलटली. बाकीची पोरं वाचली, सुमन नाय आली परत."

परत येऊन गठ्ठ्यातला तपासायचा राहिलेला शेवटचा पेपर उघडला. त्यात पुढचं होतं. "सगळे पोहत किनाऱ्याला गेले. मी गातच राहिले."

पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर. तुम्ही किती गुण दिले असते?