निला मामीचे एकवीस किलोमीटर

माझी मामी लिओनिला दागुपानच्या बाजारात बांगुस माशाचे काटे काढते. पाठीतून मासा उघडायचा, कणा सोडवायचा आणि मग चिमट्याने एकेक बारीक काटा मांस न फाटता ओढून काढायचा. एका माशात दोनशेच्या आसपास काटे. पहाटेपासून दुपारपर्यंत ती टेबलाशी उभी असते. शेजारच्या बायका गातात, भांडतात, गिऱ्हाइकांची टिंगल करतात. निला मामी नुसती हसते. तिचा आवाज कसा आहे हे बाजारातल्या काही जणांना अजून माहीत नसेल.

बोलायचं काम मामाकडे. अमादोर मामा विजेच्या मीटरांचे आकडे टिपत गावभर फिरतो. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला साखर वाढल्याचं सांगितलं आणि तो धावायला लागला. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. कुठल्या शर्यतीत कुठला चढ, कुठल्या बुटाने कुठलं बोट दुखलं, सगळं आम्हाला पाठ. शर्यत असली की सगळं कुटुंब व्हॅन करून जातं. तो धावतो, आम्ही फिरतो, आणि मामी टॉवेल घेऊन उभी राहते.

त्या फेब्रुवारीत ला त्रिनिदादच्या डोंगरात हाफ मॅरेथॉन होती. स्ट्रॉबेरीच्या शेतांतून निघायचं, कोबीच्या उतरणींवरून वर चढायचं आणि फिरून खाली यायचं. शनिवार-रविवार जोडून आम्ही सातजण निघालो. मामा-मामी, त्यांची मुलगी ग्रेस आणि जावई, ग्रेसची छोटी, माझी आई पासिंग आणि मी. मामीने बर्फाच्या पेटीत बारा बांगुस भरून घेतले. डोंगरातले मासे तिला पटत नाहीत.

ती पेटीच नडली. भाड्याच्या घराला रस्त्यापासून खाली उतरणारा दगडी जिना होता, ओला आणि उभा. "सोड, जावयाला नेऊ दे," असं मामी म्हणेपर्यंत मामा पेटीसकट चार पायऱ्या बसत बसत खाली गेला. मासे वाचले. मामाचा घोटा तासाभरात वांग्यासारखा झाला.

दुपारभर तो पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडला. "चार महिने," तो म्हणायचा. थोड्या वेळाने पुन्हा, "चार महिने घाम गाळला."

माझ्या आईला भावाची दया फार वेळ येत नाही. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मग निलाला पाठव. नंबर संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या नावावर करून देतात, तूच सांगत होतास."

मामा हसला. "ताई, एकवीस किलोमीटर आहेत. बाजाराला जाऊन यायचं नाहीये."

"तू रविवारी बांधांवरून अठरा धावतोस, तेव्हा तुला पाणी कोण देतं? आकाशातून पडतं?"

"निला देते."

"आणि ती तिथे कशी पोचते? उडत?"

मामाने मान वळवून मोरीकडे पाहिलं. आमच्याकडे माशांच्या तळ्यांमधून मातीचे लांब बांध आहेत, तिथे तो पहाटे सराव करतो. सुरुवातीला मामी सायकलवरून त्याच्या मागे पाणी घेऊन जायची. मग ग्रेसच्या नवऱ्याला कामावर जायला सायकल लागली, ती त्याने नेली. त्याला दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मामी बाटली हातात धरून त्याच्या दहा पावलं मागे पळत होती आणि आमच्यापैकी कोणी त्याला धावणं म्हटलं नव्हतं. तिनेही नाही.

मोरीत ती मासे खवलत होती. मामाने हाक मारली. "निला, तू दमतेस का गं बांधावर?"

"तू थांबलास की जरा बरं वाटतं," ती आतून म्हणाली.

मामा कोपरावर रेलून उठला. मग म्हणाला, "जाशील का उद्या?"

मामी दारात आली. हाताला खवले चिकटलेले. मला वाटलं नाही म्हणेल. तिने विचारलं, "मासे कोण तळणार मग?"

"मी तळेन!" ग्रेस ओरडली.

"पहिल्यांदा तेल तापू दे," मामी म्हणाली आणि हात धुवायला गेली. तिचा होकार हा एवढाच.

सकाळी साडेपाचला थंडीने आमचे दात वाजत होते. मामीने जावयाचं लाल जाकीट घातलं होतं, पायात तिचे नेहमीचे पांढरे कापडी बूट. मामा काठी टेकत तिच्या कानाशी लागला होता. "चढाला पावलं छोटी टाक. पहिल्या पाच किलोमीटरला कोणी पुढे गेलं तर जाऊ दे. उतारावर..."

"अमादोर."

"काय?"

"तुझ्या मागे असते तेव्हा निदान वाऱ्याने अर्धं ऐकू येत नाही."

आम्ही हसलो. तोही हसला. मग शिट्टी वाजली आणि ती जाकिटांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

पुढचं तिच्याकडून कळलं ते असं. पहिले काही किलोमीटर तिला हात रिकामे वाटत होते, काहीतरी घरी विसरल्यासारखं. वाटेतल्या पहिल्या टेबलावरून तिने पाण्याची बाटली उचलली, तेव्हा कुठे पाय नीट पडायला लागले. बाटलीतलं पाणी ती प्यायलीच नाही. तहान लागली की टेबलावरच्या पेल्यातून प्यायची आणि बाटली तशीच हातात.

चढाला ती चालली. सगळेच चालत होते. फसगत उतारावर झाली. आमचा गाव ताटासारखा सपाट, तिथे उतार कुणाला माहीत? ती खेकड्यासारखी आडवी आडवी उतरली. पंधराव्या किलोमीटरला मागे कोणी उरलं नव्हतं, फक्त दमलेल्यांना उचलणारी गाडी. ड्रायव्हर शेजारून हळूहळू येत म्हणाला, "ताई, बसा की. आत उबदार आहे."

"किती अंतर राहिलं?"

"सहा."

"सहा तर आम्ही गप्पा मारत जातो," मामी म्हणाली. मामी आणि गप्पा! पण ड्रायव्हरला काय माहीत.

इकडे मामाला वाट कशी बघतात तेच माहीत नव्हतं. साडेसहालाच तो शेवटच्या कमानीखाली जाऊन उभा राहिला. टॉवेल आणला नव्हता. कोरडा शर्ट नाही, खायला काही नाही. मीच जाऊन उकडलेली अंडी आणली. जिंकणारे आले, मग धडधाकट पोरं, मग आपापल्या गतीने सगळे. आठ वाजले, साडेआठ वाजले. लाल जाकीट दिसलं की तो काठी उचलायचा.

"लुझ," त्याने मला विचारलं, "ती दर वेळी इतका वेळ उभी असते?"

"तू तीन तासांचा माणूस आहेस, मामा. ती अर्धा तास आधीच येऊन उभी राहते."

"इथेच?"

"नाही. शेवटच्या वळणावर. तिथे तू सगळ्यात जास्त दमलेला असतोस म्हणते."

त्याने हातातलं अर्धं अंडं माझ्याकडे दिलं. मग काठी उचलून त्या वळणाकडे चालायला लागला. चारशे मीटर, तेही चढाचे. मी खूप सांगितलं. माझ्या खांद्यावर त्याचा सगळा भार होता आणि प्रत्येक पावलाला तो दातांतून श्वास ओढत होता, पण थांबला नाही.

शर्यत नऊ वाजता संपणार होती. आठ पंचावन्नला मामी वळणावर आली. चेहरा टोमॅटोसारखा, केस कपाळाला चिकटलेले, मागे ती गाडी. तिने मामाला पाहिलं आणि थांबली.

"पायावर उभा का आहेस तू?"

"निला, धाव!"

"कुणी सांगितलं तुला चढ चढायला? लुझ, तू तरी? बस खाली. तिथे बस, त्या कठड्यावर."

"अगं बाई, पाच मिनिटं राहिली आहेत!"

"तू बस आधी."

तो बसला. तिने खाली वाकून त्याचा मोजा सरकवला, घोटा बोटांनी चाचपला. माशाचा काटा कुठे आहे ते शोधतात तसा. मग हातातलं ते गार पाणी पायावर ओतलं, सगळं, सावकाश. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याने असेल. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मला कधी कळलंच नाही गं."

"काय?"

त्याने तिला कमानीच्या दिशेने हलकेच ढकललं. "जा," तो एवढंच म्हणाला.

गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

मामी कमानीखाली पोचली तेव्हा नऊ वाजून एक मिनिट झालं होतं. घड्याळ उतरवायला एक माणूस शिडीवर चढला होता. पदकं वाटणाऱ्या बाईंनी तिच्या गळ्यात पदक घातलं, पण वेळेच्या यादीत नाव येणार नाही म्हणाल्या. मामा मागून लंगडत आला आणि तक्रार करायला लागला, एकच तर मिनिट, आणि तेही माझ्यामुळे, माझं मिनिट कापा. बाई उरलेली पदकं खोक्यात भरायला लागल्या.

"अमादोर, सोड," मामी म्हणाली. "मला भूक लागलीय."

कोपऱ्यावरच्या खाणावळीत कोंबडी घातलेली गरम भाताची पेज होती. मामीने तीन वाट्या खाल्ल्या. मामाने आपल्या वाटीतलं अंडं तिच्या वाटीत टाकलं, आलं वेचून बाजूला काढलं, कारण तिला आलं आवडत नाही. हे त्याला माहीत आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुपारी आम्ही डोंगर उतरायला लागलो. व्हॅनमध्ये मामी पहिल्या बाकावर बसली होती, पाय ग्रेसच्या मांडीवर. नागमोडी रस्ता सुरू झाला आणि ती बोलायला लागली. आधी त्या ड्रायव्हरबद्दल. मग नवव्या किलोमीटरला कोबीच्या क्रेटवर बसलेल्या म्हातारीबद्दल, जिने तिला विचारलं होतं, "एवढ्या घाईने कुणाकडे चाललीस गं?" मग धुकं कसं खालून वर आलं, एक कुत्रा किती लांब सोबत आला, कुठल्या चढावर तिला रडू आलं आणि कुठल्या वळणावर ते थांबलं. आमच्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. माझ्या आईने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मामा खिडकीला टेकून ऐकत होता, मध्येच विचारायचा, "आणि मग?"

सपाट रस्ता लागला, भाताची शेतं दिसायला लागली, तेव्हा ती अजून सोळाव्या किलोमीटरवर होती.