मेश्रामबाईंची चौकशी

मेश्रामबाईंना कुठलीही बातमी सांगितली की त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. "कोणाकडून? आणि त्याला कोणी सांगितलं?" ऑस्ट्रेलियात वॉलाँगाँगला त्यांच्या मुलीच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे आजीसाठी बांधतात तसल्या छोट्या घरात, मी भाड्याने राहत होते. ग्रॅनी पुढच्या घरात आणि फ्लॅटमध्ये मी, हा विनोद बाई प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. तर या उलटतपासणीचा सर्वाधिक प्रसाद मला मिळाला. एकदा हॉस्पिटलची शिफ्ट संपवून आल्यावर मी सहज म्हटलं, "बाई, उद्या ट्रेन बंद आहेत म्हणे." त्या 'म्हणे'ची त्यांनी अशी सालं काढली की शेवटी मीच स्टेशनवर जाऊन सूचना वाचून आले. ट्रेन चालू होत्या.

बाई मूळच्या नागपूरच्या. हयातभर शाळेत इतिहास शिकवला आणि दर रविवारी व्हरांड्यात बसून आपल्या बौद्ध समाजातल्या पोरापोरींची लग्नं जुळवली. फुकट, वर चहा स्वतःचा. "इतिहास मी शाळेत शिकवला, पण शिकले स्थळं पाहताना," असं त्या म्हणत. मुलाकडचे काय सांगतात ते हसून ऐकून घ्यायचं. मग ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही अशी घरं गाठायची. तीही तेच सांगत असतील तर गोष्ट खरी. आणि सरळ प्रश्न कधी विचारायचा नाही. "मुलगा पितो का विचारलं तर सारं जग म्हणते, नाही. घरी आल्यावर त्याला दार कोण उघडून देते, असं विचार. आई रडायला लागते बाप्पा." मी ज्याच्याशी लग्न करणार होते, त्या सौरभचीही चौकशी झालीच. त्याला स्वयंपाक येतो, असं मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. बाईंनी त्याच्या रूममेटला गोड बोलून घरी जेवायला बोलावलं आणि निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. पण मॅगीच्या पुढे गेलेला नाही."

बाईंची मुलगी डॉक्टर, दिवसभर बाहेर. बाई युनिव्हर्सिटीतल्या जाहीर व्याख्यानांना जाऊन पहिल्या रांगेत बसायच्या. अशाच एका व्याख्यानात त्यांना तो ओढा भेटला. आमच्यापासून गाडीने काही तासांवर, आत मेंढ्यांच्या मुलखात एका गावाजवळ तो आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या एका वळणावर मूळ रहिवाशांच्या वस्तीवर पहाटे हल्ला केला आणि बायकापोरांसकट माणसं मारली, असं मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. असं काही झालंच नाही, झाली ती छोटीशी चकमक, असं गावातली जुनी घराणी सांगत होती. आता तिथे फलक लावायचा होता आणि त्यावर काय लिहायचं यावरून गावात दोन तट पडले होते. समितीला असं एक माणूस हवं होतं, जे गावात कोणाचंच नातेवाईक नाही. बाईंनी त्या दिवशी इतके प्रश्न विचारले, की प्राध्यापकांनी स्वतःची सुटका करून घ्यायला त्यांचंच नाव सुचवलं. बाईंना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे इतिहासाच्या सेवेत मीही रुजू झाले.

समितीत आंटी डोरीन होती. मूळ रहिवाशांमधली जाणती बाई, बाईंच्याच वयाची, आवाज खर्जातला. तिची हकिकत ऐकल्यावर बाईंनी चष्मा वर चढवला. प्रश्न व्हायचा तो झालाच. "यू सॉ ऑर यू हर्ड?"

"हर्ड. माझ्या नॅनकडून, आजीकडून," आंटी म्हणाली.

"आणि तिला कोणी सांगितलं?"

"तिच्या आईने. ही आई तेव्हा लहान पोर होती. लव्हाळ्यात लपली म्हणून वाचली."

बाई माझ्याकडे वळल्या. "पाहणारी आणि ही, यांच्यामध्ये फक्त एक माणूस आहे गं." मग त्यांनी आंटीला स्वतःच्या गावची गोष्ट सांगितली. बाईंची आजी लहान असताना त्यांची वस्ती जळाली होती. सरकारदरबारी नोंद झाली, चुलीतल्या ठिणगीने आग. "एकाच वेळी वस्तीची चारही टोकं पेटवणारी चूल मी अजून पाहिली नाही. मिळाली तर मला पण एक पाहिजे." आंटी इतकी हसली की तिला ठसका लागला, मग बाई हसल्या, आणि त्या हसण्यात दोघींचे डोळे कधी भरून आले ते दोघींनाही कळलं नाही. घरी परतताना गाडीत या नव्या मैत्रिणीसाठी कोणता मसाला न्यायचा यावर चर्चा झाली.

मग सुरू झाली चौकशी. आमचा सगळा हिवाळा जुन्या कागदांच्या प्रती वाचण्यात गेला. सरकारी अधिकाऱ्याचं पत्र म्हणत होतं, चकमक झाली. बाई म्हणाल्या, "एका बाजूला ओरखडासुद्धा नाही. मग ती चकमक काहून?" इथवर सगळं आमच्या मनासारखं चाललं होतं. मग आला आकडा. ओढ्यावर किती माणसं मारली गेली याचा एक मोठा आकडा सर्वांच्या तोंडी होता. लेखांत तोच, शाळेच्या प्रकल्पांत तोच, आंटीच्या मुलाने छापून घेतलेल्या टी-शर्टवरही तोच. बाई त्या आकड्याचा माग काढत मागे मागे गेल्या, तर सगळे रस्ते एकाच म्हाताऱ्या गोऱ्याच्या आठवणींपाशी येऊन थांबले. त्या त्याने फार उशिरा लिहिल्या होत्या, आणि ओढ्यावर रक्त सांडलं तेव्हा हा गृहस्थ जहाजातसुद्धा चढला नव्हता.

"झालं," बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मुलाचा पगार सगळ्या गल्लीने सारखाच सांगितला, कारण सगळ्या गल्लीला तो मुलाच्या मामाने सांगितला होता."

मी म्हटलं, "राहू द्या ना बाई. मेले ते मेलेच. आंटीला किती वाईट वाटेल."

बाई माझ्यावर खऱ्याखुऱ्या चिडल्या, ते तेव्हा एकदाच. "उद्या कोणीतरी हा आकडा खोटा पाडेल. मग त्याच्यासोबत लव्हाळ्यातली पोरगी पण खोटी पडेल. तेव्हा डोरीनला काय वाटेल?" एवढं बोलून त्या जेवायला बसल्या, पण जेवल्या नाहीत.

आता उरला कीथ. ऐंशी ओलांडलेला, दांडगा, समितीत 'चकमक' पक्षाचा पुढारी. त्याचं घराणं पहिल्या वसाहतवाल्यांपैकी, आणि त्याचं रान त्या वळणाला लागूनच. बाई चिवड्याचा डबा घेऊन त्याच्या घरी थडकल्या. त्याने चहासोबतचे स्कोन पाव काढले, बाईंनी चिवडा. पहिल्या घासाला त्याने शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले, दुसऱ्या घासानंतर डबा स्वतःकडे ओढून घेतला. हत्याकांडाचं कोणी नावही काढलं नाही. बाईंनी विचारलं ते त्याच्या आजीबद्दल. कडक होती का? मार द्यायची का? कशाकशाला नाही म्हणायची?

"ओह, मेट," कीथ रंगात आला. "झाडावर चढू द्यायची. घोड्यावर बसू द्यायची. फक्त त्या वळणावर खेळू द्यायची नाही."

"का?"

"साप असतात म्हणायची."

"आणि वरच्या वळणावर साप नव्हते?"

"होते की. तिथे तर आम्ही पोहायचो." कीथ हसला. मग त्याचा मुठीतला चिवडा मुठीतच राहिला. तो हळूच म्हणाला, "माझा बाप मेंढ्यासुद्धा तिथे सोडत नसे. सगळ्यात चांगलं गवत तिथलं."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. डबा तिथेच ठेवून आम्ही निघालो.

समितीच्या बैठकीत बाई बोलायला उभ्या राहिल्या. मी शेजारीच बसले होते. आधी त्यांनी आकडा खोडला आणि त्याचा एकुलता एक मामा कोण तेही सांगितलं. 'चकमक'वाल्यांनी बाकं वाजवली. आंटी डोरीनने पर्स उचलली आणि बाईंकडे न बघता निघून गेली. बाईंचा चेहरा पार उतरला, पण त्या बोलत राहिल्या. हत्याकांड मात्र झालं, डोरीनच्या घरात ते बोलून सांगितलं गेलं, आणि दुसऱ्याही एका घरात, ज्याचं या घराशी कधीच बोलणं नव्हतं, ते न बोलता सांगितलं गेलं. ते घर कोणाचं हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगण्याचा हक्क आपला नाही, असं त्या मला आधीच म्हणाल्या होत्या. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि कीथ उठला. "माझं," तो म्हणाला. आणि त्याने आपल्या आजीची गोष्ट सगळ्यांना सांगितली.

फलक तयार झाला. मधल्या महिन्यांत आंटीने फोन उचलला नाही. बाई चौकशा विसरल्या, माझ्या चुका काढेनाशा झाल्या, आणि मला ते घर खायला उठलं. अनावरणाला आंटी येईल का, हे विचारायची आमची दोघींची हिंमत नव्हती.

आंटी आली, सगळ्यात शेवटी. फलकावर लिहिलं होतं, की या वळणावर वसाहतवाल्यांनी बायका, मुलं आणि म्हातारी माणसं मारली. किती मारली, ते कोणी मोजलं नाही. समितीला 'संख्या अज्ञात' असं हवं होतं. बाई त्या एका वाक्यासाठी तीन बैठका भांडल्या होत्या. आंटीने अक्षरांवरून बोट फिरवत सगळं दोनदा वाचलं.

"आकडा आमचा कधीच नव्हता, कुमुद," ती बाईंना म्हणाली. "नॅनने कधी आकडा सांगितलाच नाही. पण कोणीतरी गोरा माणूस आपली गोष्ट मोठ्याने सांगतोय, याचं बरं वाटायचं."

"मला माहीत होतं तुला लागेल," बाई म्हणाल्या.

"लागलंच. बस इथे."

दोघी गवतात बसल्या. कोणीतरी चहाचे कप फिरवले. कीथ मात्र कुंपणाच्या पलीकडे, आपल्याच रानात, तार धरून उभा होता. आंटीने त्याला हात केला. तो हलेना. तेव्हा बाई उठल्या, गेल्या, त्यांनी तार दोन्ही हातांनी खाली दाबून धरली, आणि त्या एवढ्याशा बाईच्या खांद्यावर हात टेकून तो थोराड म्हातारा जन्मात पहिल्यांदा त्या वळणावर उतरला. त्याने हॅट काढली. कुठे उभं राहावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी तो आंटीसमोर गवतात गुडघे मोडून बसला आणि म्हणाला, "त्यातले तुझे कोण कोण होते, डोरीन?"

आंटीने कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.