कोपऱ्यातलं कुंकू

प्रेताची धास्ती मी घरूनच घेऊन गेलो होतो. आमचं घर पुजाऱ्याचं, तुळजापुरात देवळाच्या उतारावर. मयताला नुसतं जाऊन आलं तरी आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. असल्या घरातला मी औरंगाबादला डॉक्टरकी शिकायला गेलो आणि चिरफाडीच्या खोलीत पहिल्याच दिवशी भिंतीला टेकून बसलो. शरीरशास्त्रात नापास झालो तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. फेरपरीक्षेतही नापास झालो असतो तर शिक्षण संपलंच होतं.

मला तारलं पोस्टकार्डानं. दर मंगळवारी ते घरून निघायचं. मजकूर वडिलांचा. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे मराठी अक्षर वेडंवाकडं: 'इकडे खुशाल. अभ्यास करणे.' आईला लिहिता येत नव्हतं. ती देवीच्या पायाचं कुंकू बोटानं कार्डाच्या कोपऱ्यात टेकवायची. विळीवर कापून तिच्या त्या बोटाला खाच पडली होती, ती कुंकवातही उमटायची. चिरफाडीला जाताना मी ते कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवायचो. हसायचं तर हसा, पण मग माझी सुरी सरळ चालायची.

फेरपरीक्षेत पास झालो. पेढे घेऊन एसटीतून उतरलो तर वडील स्टँडवर उभे. टोपीखाली भादरलेल्या डोक्यावर केसांचे खुंट, ओठावर मिशांचेही. पुडा माझ्या हातातच राहिला.

"कधी?" मी विचारलं.

"महिना झाला. ताप डोक्यात गेला तिच्या."

त्या महिन्यात मला चार कार्डं आली होती. चारही कुंकवाची.

मी मुलखाचा तापट. भर स्टँडात ओरडलो, "आईचं तोंडसुद्धा बघू दिलं न्हाय तुम्ही मला! वर कुंकू लावून खुशाली कळवत होता?"

"कोरं कार्ड धाडलं असतं तर तू परीक्षा टाकून पळत आला असतास," ते म्हणाले. "दहा दिवस देवळाची पायरी चढलो न्हाय म्या. पर सुतकात कुंकवाला हात लावला. आपल्या घरात असलं कुणी केलं न्हाय." मग म्हणाले, "देवीचं म्या बघून घेतो. तू माफ कर."

मी केलं नाही. सुटीभर त्यांच्याशी धड बोललोही नाही.

वसतिगृहात परतल्यावर ट्रंकेतली कार्डं काढली. शेवटच्या चारांवरचा ठसा रुंद होता, भरीव, बिनखाचेचा. मेलेल्या हातांची नस न् नस मी पाठ केली होती आणि आईचं बोट मला ओळखता आलं नव्हतं. खाटेवर बसून पोटभर रडलो. आईसाठी रडलो, आणि सोवळ्यात जन्म गेलेल्या त्या माणसानं करंड्यात बोट बुडवताना काय सोसलं असेल, त्यासाठीही.

त्या आठवड्यात वडिलांचं कार्ड आलं. 'इकडे खुशाल. अभ्यास करणे.' कोपरा कोरा होता.

मी उलट टपाली एवढंच लिहिलं, 'कुंकू लावत चला. तुमच्या बोटाचं चालेल.'